पदवी, बोली आणि पुस्तक



फलटण तालुक्यातल्या एका कैकाडी कुटुंबातला मुलगा. घरच्यांचे पोट फोकाच्या टोपल्यांवर आणि बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर. हा मुलगा शिवाजी विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि १९८० मध्ये त्याचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी लक्ष्मण माने यांच्या या आत्मकथनाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

२०१८ मध्ये अकादमीच्या युवा पुरस्कारावर नाव आले ते नवनाथ गोरे यांचे. गाव निगडी बुद्रुक, तालुका जत, कादंबरी ‘फेसाटी’. गोरेही शिवाजी विद्यापीठातच एम.ए. झाले. जत म्हणजे कायम दुष्काळाचा, कानडीला चिकटलेला मुलूख. तिथल्या माणसांची फरफट तिथल्याच बोलीत छापून आली, हे या कादंबरीचे मोठे काम आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत लेखक पूर्वीही होतेच. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. दोघेही कॉलेजची पायरी चढले नव्हते. तेव्हा पदवीने लेखक होतो, असा दावा कोणी करू नये. मग १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात सुरू झालेल्या शिवाजी विद्यापीठाने या भागाला काय दिले? वसतिगृहातली खोली दिली, ‘कमवा व शिका’ची सोय दिली, पुस्तकांनी भरलेली कपाटे दिली. ‘तणकट’कार राजन गवस यांच्यासारखा कादंबरीकार वर्गात मराठी शिकवायला उभा राहिला. घरात ज्याच्या आधी कोणी दहावीही गाठली नाही, अशा मुलाला आपल्या आईची भाषा पुस्तकात चालते हे समोर दिसणे, ही साधी गोष्ट नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, तिला आलेले हे फळ आहे असेही म्हणता येईल.

पण पुस्तक आले, पुरस्कार मिळाला, सत्कार झाला; पुढे काय?

२०२० च्या टाळेबंदीत ‘फेसाटी’च्या लेखकाला शेतात मजुरी करावी लागली. वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली तेव्हा महाराष्ट्र हळहळला. तासिका तत्त्वावर शिकवणारे शेकडो एम.ए., नेट-सेट झालेले तरुण याच अवस्थेत आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या वह्यांमध्ये कादंबऱ्या अर्धवट पडून आहेत. तास मिळतील की नाही याची दरवर्षी नव्याने धास्ती असेल, तर माणूस दोनशे पानांची बैठक मारणार कशी? पुरस्काराची शाल खांद्यावर घालणाऱ्या समाजाने लेखकाच्या रोजीरोटीचाही विचार करायला हवा. त्यात उपकार कसला? ते देणेच आहे.

दुसरी उणीव वाचकांची. माणदेशावरची कादंबरी पुण्या-मुंबईत परीक्षणाला जाते, पण आटपाडी, दहिवडी किंवा जतच्या वाचनालयाच्या कपाटात ती सापडेलच याची खात्री नाही. ज्यांच्या जगण्यावर ती लिहिली त्यांनीच ती वाचलेली नसते. लेखकाच्या बोलीत कुठे कृत्रिमपणा शिरला आहे, हे खरे तर तेच सांगू शकतील.

म्हणून इथे बसलेल्या प्राचार्यांना, ग्रंथपालांना आणि वाचनालयांच्या चालकांना एवढीच विनंती: आपल्या तालुक्यातल्या पदवीधराचे पुस्तक या वर्षी विकत घ्या, फुकट मागू नका. ते कपाटात कुलूपबंद ठेवू नका. त्याच्याच गावच्या पारावर त्यातली चार पाने मोठ्याने वाचा, आणि लेखकाला समोर बसवा.