शैलेन मन्ना : पाय रोवून उभा राहिलेला कर्णधार

(कोल्हापूर येथे युवा फुटबॉलपटूंच्या प्रशिक्षण शिबिराच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



कोल्हापुरात येऊन फुटबॉलविषयी बोलणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठलाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. येथे तालमीच्या संघाचा सामना असला की पेठच्या पेठ शाहू स्टेडियमकडे लोटते. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतले जाते. गोल होऊ न देणाऱ्याचे नाव मात्र दुसऱ्या दिवशी फारसे कोणाच्या ओठी नसते. शिबिराच्या पहिल्या दिवशी "बचावफळीत कोणाला खेळायचे आहे?" असे विचारले, तेव्हा मोजकेच हात वर झाले. म्हणूनच आज मी एका बचावपटूची कथा सांगण्याचे ठरविले आहे. त्यांचे नाव शैलेन मन्ना.

मन्नांचा जन्म १ सप्टेंबर १९२४ रोजी कलकत्त्याशेजारच्या हावडा येथे झाला. प्रारंभी ते हावडा युनियन या संघाकडून खेळले आणि १९४२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मोहन बागान क्लबमध्ये दाखल झाले. हा क्लब साधा नव्हता. १९११ साली अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला नमविणारा आणि आयएफए शील्ड जिंकणारा हा क्लब बंगालच्या स्वाभिमानाचे प्रतीक बनला होता. मन्नांनी त्या क्लबचा गणवेश अंगावर चढविला तो १९६० पर्यंत उतरविला नाही. कलकत्त्याच्या मैदानावर दरवर्षी खेळाडूंची पळवापळवी चाले. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीत मन्नांना दुसऱ्या दाराशी जावेसे वाटले नाही.

मित्रहो, निष्ठा हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. विजयाच्या मिरवणुकीत सामील होण्यास निष्ठा लागत नाही. तिची कसोटी पराभवाच्या दिवशी लागते, आणि मन्नांच्या वाट्याला असे दिवस थोडे आले नाहीत.

३१ जुलै १९४८. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरला. कर्णधार होते नागा प्रदेशातून आलेले डॉ. तालिमेरेन आओ. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सने आघाडी घेतली; सारंगपाणी रामन यांनी गोल करून बरोबरी साधली. त्या सामन्यात भारताला दोन पेनल्टी किक मिळाल्या. एक मन्नांनी घेतली, दुसरी महावीर प्रसाद यांनी. दोन्ही वाया गेल्या आणि अखेरच्या क्षणी गोल करून फ्रान्सने सामना २-१ असा जिंकला. तेवीस वर्षांच्या तरुणाच्या मनावर त्या रात्री किती ओझे असेल, याची कल्पना तुमच्यापैकी ज्याने पेनल्टी हुकविली आहे त्यालाच येईल.

अशा चुकीनंतर खेळाडू दोन प्रकारे वागतो. कोणी अंग चोरू लागतो, तर कोणी दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी मैदानावर हजर होतो. मन्ना दुसऱ्या प्रकारचे होते. तीनच वर्षांनी, १९५१ साली, नवी दिल्लीत पहिले आशियाई सामने भरले, तेव्हा भारताचे कर्णधारपद त्यांच्याकडे होते. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरविले आणि अंतिम सामन्यात इराणवर १-० अशी मात करून सुवर्णपदक मिळविले. विजयाचा गोल साहू मेवालाल यांचा. पण त्या तीन सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही, हेही ध्यानात ठेवा. वर्तमानपत्राच्या मथळ्यात गोल करणाऱ्याचे नाव येते. बचावफळीचे काम निकालाच्या फलकावरील शून्यात दडलेले असते.

सुवर्णपदकानंतरच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक आले. कर्णधार पुन्हा मन्ना. समोर युगोस्लाव्हियाचा बलाढ्य संघ, जो पुढे त्या स्पर्धेत रौप्यपदकाचा मानकरी ठरला. भारत हरला, तोही १०-१ असा. आपला एकमेव गोल अहमद खान यांनी केला. बचावपटू असलेल्या कर्णधाराला याहून जिव्हारी लागणारा निकाल कोणता असेल? तरीही १९५३ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या वार्षिकात जगातील दहा उत्तम कर्णधारांमध्ये मन्नांची गणना झाली. ज्याच्या संघाने दहा गोल स्वीकारले त्याला हा मान! नेतृत्वाचे मोल केवळ निकालावरून ठरत नाही, याची ही साक्ष होय.

त्यांच्या खेळाविषयी थोडेसे. मन्ना डावे फुलबॅक होते. चेंडूच्या मागे धावण्यापेक्षा चेंडू कोठे येणार हे ओळखून तेथे आधीच उभे राहणे ही त्यांची हातोटी. त्यांची जोरकस फ्री किक प्रसिद्ध होती. धसमुसळेपणाची त्यांना गरज भासली नाही. सभ्य खेळाडू म्हणूनच त्यांची ख्याती राहिली. मुंबईकरांच्या परिचयाच्या रोव्हर्स चषकावर मोहन बागानने प्रथम नाव कोरले ते १९५५ साली. त्यापूर्वी १९५३ मध्ये ड्युरँड चषक आणि १९५४ मध्ये कलकत्ता लीग व शील्ड हे दुहेरी यश क्लबने संपादन केले होते. क्लबच्या त्या वैभवकाळात मन्ना बचावाचा कणा होते.

आता एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. १९५० साली ब्राझीलमधील विश्वचषक स्पर्धेत खेळण्याची संधी भारतापुढे चालून आली होती. आपण गेलो नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाली म्हणून गेलो नाही, ही गोष्ट अनेक वर्षे सांगितली गेली. मन्नांनी स्वतः पुढे स्पष्ट केले, की विश्वचषकाचे महत्त्वच खेळाडूंना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या दृष्टीने ऑलिंपिक हेच सर्वस्व होते. खेळाडूंनी निष्ठेने सर्व काही द्यावे आणि त्यांच्या वाट्याची संधी मात्र कार्यालयातील टेबलावरच विरून जावी, हे घडले आहे. निष्ठा एकमार्गी असू नये. खेळाडूने संघाला धरून राहावे, तसे संघाने, संघटनेने आणि समाजानेही खेळाडूला धरून राहिले पाहिजे. मन्नांच्या काळी फुटबॉलवर चूल पेटत नसे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील नोकरीने त्यांना आधार दिला. खेळाडूला नोकरी देणे म्हणजे उपकार नव्हे, ती खेळातील गुंतवणूक आहे, हे येथे उपस्थित असलेल्या कार्यकर्त्यांनी व अधिकाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावे.

आज काळ बदलला आहे. अधिक मानधन देणाऱ्या संघाकडे कोणी गेला तर त्याला मी दोष देणार नाही. घरच्या जबाबदाऱ्या प्रत्येकालाच असतात. पण ज्या संघाचा गणवेश अंगावर आहे, त्याच्यासाठी शेवटची शिट्टी होईपर्यंत झटणे, सहकाऱ्याची चूक आपल्या अंगावर घेणे आणि पडत्या काळात पाठ न फिरविणे, एवढी निष्ठा तर कोणत्याही करारात बसते.

मन्नांच्या निष्ठेची दखल अखेर घेतली गेली. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना सहस्रकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून गौरविले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. मैदान सोडल्यानंतरही मोहन बागानशी असलेला त्यांचा ऋणानुबंध अखेरपर्यंत तुटला नाही.

मुलांनो, उद्यापासून तुम्ही आपापल्या तालमीच्या मैदानावर परत जाल. तुमच्यापैकी कोणाची तरी पेनल्टी या हंगामात निश्चितच हुकेल. त्या दिवशी घरी जाताना मान खाली घालू नका; लंडनहून परतलेल्या त्या हावड्याच्या तरुणाची आठवण करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर सरावाला या.