वऱ्हाडच्या मातीतले प्रश्न आणि जागतिक विकासाचे संशोधन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्यासमोर चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाची मनःपूर्वक ऋणी आहे. मी सध्या मुंबईत पीएच.डी.चे संशोधन करीत आहे. सुट्टीत गावी आले की आप्तेष्ट आस्थेने विचारतात, "बेटा, विषय कोणता?" "जागतिक विकास" असे सांगितले की दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे नेमके काय? आणि हे शिकून पुढे काय?" हा प्रश्न योग्यच आहे. ज्या समाजाने पै-पैचा हिशेब ठेवून पेढ्या उभ्या केल्या, त्या समाजाने मुलामुलींच्या आयुष्यातील पाच-सहा वर्षांचा हिशेब का मागू नये? आज तो हिशेब मांडण्याचा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

जागतिक विकास म्हटले की डोळ्यांसमोर न्यूयॉर्क, जिनिव्हा अशी शहरे येतात. परंतु या विषयाचा पहिला धडा आपल्या खामगावच्या कापूसबाजारात गिरवता येतो. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा कापूस अडला. गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाडकडे वळली. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंतच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. खामगावची रुई विलायतेस जाऊ लागली. अडत, पेढ्या, जिनिंग-प्रेसिंग यांची भरभराट झाली. मात्र याच वऱ्हाडात 1896-97 आणि 1899-1900 साली भीषण दुष्काळ पडले. ज्या भूमीतून गाठींनी भरलेल्या गाड्या बाहेर जात होत्या, त्याच भूमीत माणसे अन्नाविना तडफडली. असे का घडले? केवळ पाऊस पडला नाही म्हणून, की ज्वारीची जागा कापसाने घेतली, सारा वाढला, कर्ज वाढले म्हणूनही? या प्रश्नाचे उत्तर एकट्या अर्थशास्त्राजवळ नाही, एकट्या इतिहासाजवळही नाही.

आजचा प्रश्न घ्या. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपणा सर्वांना परिचित आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या भागांतील अनेक गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. त्या पाण्याने जमीन बिघडते, ओलिताची शेती अवघड होते. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारीही दीर्घकाळ होत आल्या आहेत. आता विचार करा. पाण्यातील क्षार मोजणे हे भूजलशास्त्रज्ञाचे काम, रुग्ण तपासणे हे डॉक्टरांचे काम, पीक पाहणे हे कृषितज्ज्ञाचे काम. परंतु एखाद्या घरातील कर्ता पुरुष आजारी पडला, उपचारांसाठी शेत गहाण पडले आणि मुलीची शाळा सुटली, तर या साखळीचा अभ्यास कोणाच्या खात्यात मांडायचा? खात्यांच्या भिंतींमुळे ही साखळी कोणाच्याच नजरेत पुरती येत नाही. एकाच प्रश्नासाठी दोन-तीन शास्त्रांच्या पद्धती शिकून, त्या एकत्र वापरून, नव्या ज्ञानाची भर घालणे यालाच आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात.

आपल्या समाजाला ही दृष्टी नवी नाही. हत्ती आणि आंधळ्यांची कथा आपण पाठशाळेत ऐकलेली आहे. परंतु अनेकान्ताचा अर्थ "सगळ्यांचेच बरोबर" असा सोपा नाही. स्याद्वाद प्रत्येक विधानाबरोबर "कोणत्या अपेक्षेने" हे सांगावयास लावतो. संशोधकालाही नेमके तेच करावे लागते. मी हे विधान कोणत्या आकडेवारीवर, कोणत्या गावांपुरते आणि कोणत्या पद्धतीने करीत आहे, याचे उत्तर परीक्षकांपुढे द्यावे लागते. चार विषयांची थोडी थोडी माहिती गोळा करणे म्हणजे आंतरविद्याशाखीय अभ्यास नव्हे. किमान एका शास्त्रात पाय घट्ट रोवूनच दुसऱ्याच्या अंगणात जावे लागते.

महाराष्ट्राला या अभ्यासाची थोर परंपरा आहे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता, तरीही 1916 मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. पुढे प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंधासाठी कोलंबियाने त्यांना 1927 मध्ये पीएच.डी. दिली, तर रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने 1923 मध्ये डी.एस्सी. दिली. डॉ. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे जई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली. ती पाहणी 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. धरणाचा हिशेब केवळ विजेच्या युनिटांत होत नाही, उठलेल्या घरांतही होतो, हे अशा अभ्यासांनी दाखवून दिले. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील महिलांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिचे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात आले. नवजात बालकांचा मृत्युदर त्या गावांत 62 टक्क्यांनी घटला होता. पुढे भारत सरकारनेही ही पद्धत स्वीकारली.

आपल्या राज्यातील रोजगार हमी योजनेची कथाही अशीच आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेली आणि 1972 च्या दुष्काळात विस्तारलेली ही योजना 1977 च्या कायद्याने पक्की झाली. तिच्यासाठी शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. देशविदेशातील अभ्यासकांनी तिचा बारकाईने अभ्यास केला आणि 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. जागतिक विकासाचे ज्ञान पश्चिमेकडून आपल्याकडेच येते असे नाही, ते येथून बाहेरही जाते.

आता व्यवहाराकडे वळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे. महिलांना मुदतीत दोन वर्षांची अधिक सवलत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती रजा मिळते. ज्या पालकांना मुलीच्या विवाहाची चिंता वाटते, त्यांनी हा नियम जरूर ध्यानात घ्यावा. विवाह आणि संशोधन यांपैकी एकच निवडण्याची सक्ती कायद्याने केलेली नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. संस्थांचे म्हणाल तर पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि आयआयटीतील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र, अशी दारे आपल्याच राज्यात आहेत. मात्र अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने 2022 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. 2014 मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यानंतर आपल्या मुलांनाही तिचे दार खुले झाले होते. ते आता मिटले आहे.

हा मार्ग सोपा आहे असे मी म्हणणार नाही. सोबतचे मित्र सी.ए. होऊन स्थिरावतात, तेव्हा संशोधक अद्याप प्रश्नावलीच दुरुस्त करीत असतो. पदवीनंतर नोकरीची हमी नसते. तरीही हा मार्ग कोणीतरी चालला पाहिजे, आणि तो आपल्या जिल्ह्यातील मुलांनी का चालावा याचे एकच उदाहरण देते. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने 'सुजलाम् सुफलाम्' अभियान आपल्या बुलढाणा जिल्ह्यात राबविले. तलावांतील गाळ काढला गेला, तो शेतात पडला. या कामाचा आपणा सर्वांना सार्थ अभिमान आहे. परंतु अभिमानाच्या पुढची पायरी प्रश्नांची आहे. किती तलाव पुन्हा गाळाने भरले? गाळ वाहून नेण्याचा खर्च न झेपणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या शेतात तो कितपत पोहोचला? विहिरींची पातळी वाढली ती गाळ काढल्याने, की त्या वर्षीच्या पावसाने? ज्याने दान दिले, त्याला ही उत्तरे मिळण्याचा हक्क आहे. आणि ती शोधण्यासाठी मृदाशास्त्र, अर्थशास्त्र व समाजशास्त्र जाणणारा, शिवाय वऱ्हाडी बोली समजणारा माणूस लागेल.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांनी आजवर अनेक डॉक्टर आणि अभियंते घडविले. पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी एक शिष्यवृत्ती अशी असावी, जी जिल्ह्यातील प्रश्नावर डॉक्टरेट करणाऱ्या विद्यार्थ्याला, तो कोणत्याही समाजाचा असो, सलग चार वर्षे मिळेल. अट एकच असावी, की दरवर्षी त्याने आपल्या या सभागृहात येऊन, सोप्या मराठीत, आपल्या अभ्यासातून काय निष्पन्न झाले ते सांगावे. बडोद्याच्या एका शिष्यवृत्तीने देशाला काय दिले, हे आपण जाणतोच.