लोकसभा म्हणजे कुणाची सभा?



परवा वर्ग सुटताना एका आजींनी मला विचारले, "मास्तर, कुणी पार्लमेंट म्हणतं, कुणी संसद, कुणी लोकसभा. इतकी नावं कशाला? आन् त्या सभेत आमचं काय?"

प्रश्न मोलाचा आहे. आज त्यावरच बोलू.

आधी पार्लमेंट. हा शब्द मुळात फ्रेंच भाषेतला. त्याचे मूळ 'बोलणे'. इंग्लंडचा राजा सरदारांना आणि धर्मगुरूंना बोलावून सल्लामसलत करी. त्या बोलण्याला पार्लमेंट म्हणत. पुढे बोलणाऱ्यांच्या सभेलाच ते नाव पडले. सन १२६५ मध्ये सायमन डी माँटफोर्ट या सरदाराने शहरांतली माणसेही सभेला बोलावली. पण गरीब कुळाला तिथे कोण विचारतो?

संसद हा शब्द संस्कृत. 'सम्' म्हणजे एकत्र, 'सद्' म्हणजे बसणे. आपण पारावर बसतो ना, तसे एकत्र बसणे. राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून आपली संसद होते. ती देशाचे कायदे करते.

आता लोकसभा. इंग्रजांच्या अमदानीतही दिल्लीला कायदेमंडळ होते. पण मत कुणाला? सारा, कर, मालमत्ता बघून थोड्यांना. बाकीच्यांनी गप्प बसायचे! २६ जानेवारी १९५० ला आपली राज्यघटना अमलात आली. २१ वर्षांच्या बाईला आणि पुरुषाला सारखेच मत मिळाले. १९८९ पासून ते १८ वर्षांनाच मिळते. १९५१-५२ साली पहिली निवडणूक झाली. सभेचे नाव तेव्हा इंग्रजीत होते, 'हाऊस ऑफ द पीपल'. १४ मे १९५४ रोजी सभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी 'लोकसभा' हे नाव जाहीर केले. लोकसभा म्हणजे लोकांची सभा. लोक म्हणजे तुम्ही-आम्ही.

राहिला आजींचा दुसरा प्रश्न. त्यात आमचं काय?

ऐका. पहिल्या निवडणुकीच्या याद्या चालल्या होत्या. पुष्कळ बायांनी आपले नावच सांगितले नाही. कुणी म्हणाली, मी अमक्याची आई. कुणी म्हणाली, तमक्याची बायको. नावाशिवाय यादी कशी व्हायची? सुमारे २८ लाख बाया यादीबाहेर राहिल्या. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या. सभा लोकांची, पण त्या बाया मताला मुकल्या.

म्हणून सांगतो, नाव हवे. मतदारयादी हाती आली की दुसऱ्याला वाचायला लावू नका. आता तुम्हाला अक्षर येते. बोट ठेवून आपले नाव स्वतः शोधा. चुकले असेल तर दुरुस्त करून घ्या. आणि मत मागायला आलेल्याला विचारा, "आमच्या वतीने तिथे काय बोलणार?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "मग मास्तर, आज मला माझं नाव पुरतं लिहायला शिकवा."

चला, पाट्या काढा. राम राम.