नदीचा तळ काय सांगतो?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी सॉफ्टवेअरवाला, रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पण हडसन नदीजवळ राहणारा आणि चिंबोऱ्यांच्या कालवणावर जीव असलेला माणूस म्हणून आज बोलायला उभा आहे.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला साधारण ५० मैलांवर कोल्ड स्प्रिंग हे टुमदार गाव आहे. फॉल कलर्स पाहायला आपल्यापैकी बरेच जण तिथे गेले असतील. गावाला लागून हडसनची एक छोटी खाडी आहे, फाउंड्री कोव्ह. १९५२ साली तिथे लष्करासाठी निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा कारखाना उभा राहिला. तो १९७९ पर्यंत चालला आणि त्याचं सांडपाणी खाडीत नि नदीत जात राहिलं.

इतर बरीचशी घाण नदीत कुजते, जिवाणू ती खाऊन टाकतात. धातू कुजत नाही. तो मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि तळाशी बसतो. पाणी वाहून जातं, वरून स्वच्छ दिसतं, गाळ मात्र तिथेच! आमच्या धंद्यात फाइल डिलीट केली तरी डिस्कवर बराच काळ राहते ना, तसंच. म्हणून नुसतं पाणी तपासून नदी शुद्ध ठरवता येत नाही, गाळही तपासावा लागतो.

फाउंड्री कोव्हच्या गाळात काही ठिकाणी किलोमागे १० ग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम निघालं. त्या चिखलातले गांडुळांच्या कुळातले किडे तीसेक वर्षांत या विषाला चक्क सरावले होते. दुसरीकडचे किडे तिथे आणून सोडले, तर ते मरत. १९९३ ते १९९५ मध्ये गाळ उपसून काढला, खर्च १० कोटी डॉलर्सच्या घरात गेला. काही वर्षांत किड्यांच्या पुढच्या पिढ्यांमधली ती सहनशक्तीही ओसरली. पण त्याआधीच बरंच कॅडमियम भरती-ओहोटीबरोबर नदीत पसरलं होतं.

किडे सरावले, आपण सरावत नाही. पोटात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठून राहतं. जपानमध्ये जिंझू नदीच्या पाण्यावर पिकलेल्या भातातून ते लोकांच्या शरीरात गेलं आणि त्यांची हाडं ठिसूळ झाली. त्या रोगाचं नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’.

आता आपल्या कालवणाकडे येऊ. न्यूयॉर्क राज्याचं आरोग्य खातं सांगतं की, चिंबोरीच्या पाठीखालचा हिरवट-पिवळा मऊ भाग खाऊ नका आणि ज्या पाण्यात ती शिजवली ते फेकून द्या. कॅडमियम आणि पीसीबीसारखी रसायनं त्या भागात साठतात आणि शिजताना पाण्यात उतरतात. अमेरिकन माणूस चिंबोरी उकडतो, पाणी ओततो. आपण काय करतो? सगळा अर्क रश्श्यात! शिवाय कितीही उकळलं तरी धातू काही नाहीसा होत नाही.

तेव्हा हडसनची चिंबोरी असेल, तर आधी पाठ काढून तो भाग टाका, स्वच्छ धुवा, वेगळ्या पाण्यात उकडा, पाणी ओता आणि मगच वाटणात घाला. चव थोडी उतरेल, पण चालेल. पकडायला जाण्याआधी त्या जागेसाठी सरकारी सल्ला काय आहे, तेही पाहा. विशेषतः घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर नक्कीच.

आणि पुढच्या वेळी कोल्ड स्प्रिंगला गेलात, तर मुलांना डोंगरांबरोबर ती खाडीही दाखवा. २७ वर्षांच्या निष्काळजीपणाचं बिल किती येतं, ते त्यांना तिथे सांगता येईल.