एकतीस नंबरची बाई

(तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे, कुठं कुठं वाक्यं जोडून घेतली.)



विषय ऐकून काहीजणांनी आधीच नाकं मुरडली. म्हणे, कविता वाच, गोदीवर बोल, हे अमेरिकन टीव्हीचं काय काढलंस? तर सांगतो. आपल्या वस्तीतली पोरं रात्री दोन दोन वाजेस्तोवर मोबाईलमध्ये डोकं घालून काय बघतात ते एकदा मागं उभं राहून बघा. एकमेकांना 'ब्रो' म्हणतात. हा 'ब्रो' कुठल्या कारखान्यात तयार होऊन आला, ते आज खोकं फोडून बघायचंय. मी मॅट्रिकपर्यंतचा माणूस. ते इंग्रजी कानाला निम्मं कळतं, निम्मं खालची अक्षरं वाचून. पण नऊच्या नऊ हंगाम बघितलेत. गोदीत ट्रेलर यायची वाट बघत बसवतात तेव्हा आपल्याकडं वेळच वेळ असतो.

मालिकेचं नाव 'हाऊ आय मेट युवर मदर'. सीबीएस नावाच्या वाहिनीवर १९ सप्टेंबर २००५ ला सुरू झाली, ३१ मार्च २०१४ ला संपली. २०८ भाग. कार्टर बेज आणि क्रेग थॉमस या दोघांनी रचलेली. २०३० साली एक बाप, टेड मोस्बी त्याचं नाव, आपल्या पोरांना समोर बसवून सांगतो की तुमची आई मला कशी भेटली. सांगायला बसतो आईबद्दल आणि सांगतो दोस्तांबद्दल, एका बारबद्दल, आणि सगळ्यात जास्त रंगून सांगतो बार्नी स्टिन्सनबद्दल.

हा बार्नी म्हणजे अंगावर कायम कडक इस्त्रीचा सूट, लग्न नको, रोज नवी बाई. मॅनहॅटनमध्ये राहतो, मोठ्या कंपनीत आहे, पैशाला तोटा नाही. काम काय करतो ते कुणाला ठाऊक नाही. असा बाईलवेडा ब्रह्मचारी अमेरिकन टीव्हीला नवा नव्हता. १९८२ ते १९९३ 'चिअर्स'मध्ये सॅम मेलोन होता, बारचा मालक, जुना बेसबॉल खेळाडू. २००३ पासून 'टू अँड अ हाफ मेन'मध्ये चार्ली हार्पर होता. त्या चार्लीच्या घरात निदान बर्टा नावाची कामवाली होती, जी त्याच्या चादरी धुता धुता त्याला चार शिव्या हासडायची. बार्नीच्या घरात चादर कोण धुतं हे दोनशे आठ भागांत कुणाला विचारावंसं वाटलं नाही. हे मी उगाच काढत नाही. माझी आई दुसऱ्यांच्या चादरी धुवायची. ज्याच्या घरात कष्ट दिसत नाहीत त्याच्यावर माझा पहिला संशय असतो.

आता हिशेब बघू. हा माणूस हिशेबाचा पक्का. लहानपणी कुणा दांडग्या पोरानं शंभराची बढाई मारली, म्हणून यानं दोनशेचा पण केला. यादी ठेवली आणि २००९ मध्ये दोनशे पुरे केले. मग पोकळ वाटलं म्हणे. एका भागात कुणीतरी बाई त्याचा खेळ बिघडवतेय असा त्याला संशय येतो, तेव्हा ज्यांना फसवलं त्यातल्या ६४ जणींची तो बाद फेरीची सामन्यांसारखी मांडणी करतो, तिकडं कॉलेजच्या बास्केटबॉलची करतात तशी. आणि दोस्त कंपनी भोवती बसून वाद घालते, हिच्यावर जास्त अन्याय झाला की तिच्यावर. वकील मार्शल आहे त्यात. बालवाडीची बाई लिलीसुद्धा आहे. २०१० मध्ये तर सात रात्रींत सात बायका असा विक्रम चालू असतो आणि सगळे बारमध्ये बसून क्रिकेटच्या स्कोअरसारखा जागता पहारा देतात. का? तर त्या आठवड्यात प्रत्येकाचा दिवस वाईट गेलेला असतो. कुणाची नोकरी धोक्यात, कुणाची नाचक्की झालेली. मग बार्नीचा आकडा वाढला की यांना बरं वाटतं.

इथं मला खरी गोम सापडली, दोस्तहो. हा माणूस एकटा शिकार करत नाही. त्याची शिकार ही मित्रांची करमणूक आहे. साहेबानं दिवसभर तोंडात मारलेली असते, त्याचं औषध संध्याकाळी दुसऱ्याच्या आकड्यात शोधायचं. आपल्या नाक्यावर हे होत नाही असं छातीला हात लावून कोण सांगतो, त्यानं हात वर करावा. (कुणी केला नाही.)

त्याच्याकडं एक वही आहे, 'प्लेबुक'. युक्त्यांची वही. पाणबुड्या व्हायचं. लोरेन्झो फॉन मॅटरहॉर्न नावाचा अब्जाधीश व्हायचं, इंटरनेटवर खोटी पानं तयार करून ठेवायची, बाईनं नाव शोधलं की ती सापडतात. गुप्त अवकाश संस्थेचा माणूस व्हायचं. या गाजलेल्या युक्त्या. नीट बघा, त्यात तो सोंग घेतो ते वरच्या माणसाचं. जास्त पैशाचं, जास्त धाडसाचं. माल उतरवणारा हमाल होऊन जायची युक्ती काही गाजली नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे बार्नी म्हणून तो जातच नाही. एवढा किमती सूट, एवढा रुबाब, पण आपलं नाव सांगितलं तर कुणी जवळ करेल यावर साहेबांचा भरवसा नाही.

त्या बाईचं काय? ती हो म्हणाली ती अब्जाधीशाला, अंतराळवीराला. हा तिसराच कुणी तिच्या अंथरुणात. कुणी म्हणेल, जबरदस्ती तर केली नाही ना. नाही केली. पण नाव बदलून माल उचलणाऱ्याला आम्ही गोदीत चोर म्हणतो, गेट पास कितीही खरा दिसला तरी. बाई म्हणजे माल नव्हे, म्हणून तर हे जास्त वाईट. मालाला निदान नंतर कळत नाही.

ही वही पुढं खरोखरीचं पुस्तक होऊन बाजारात आली. २००८ मध्ये 'द ब्रो कोड', २०१० मध्ये 'द प्लेबुक'. लेखक म्हणून बार्नी स्टिन्सन आणि मालिकेच्या लेखकांपैकी मॅट कून. म्हणजे नसलेल्या माणसाचे नियम असलेल्या माणसांनी पैसे मोजून विकत घेतले. भावानं भावाशी कसं वागावं याची कलमंच्या कलमं. बाई त्यात येते ती भावाभावांतला तंटा म्हणून. पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिलेल्या पोथ्या आपल्याला काही नव्या नाहीत, पुढं जातो.

आता तुम्ही म्हणाल, तू एकाच बाजूनं बोलतोस. नाही. लिहिणारे तरबेज होते, त्यांनी त्याला आतून रिकामा दाखवलाय आणि तो भाग मला मनापासून आवडला. आधी हा लांब केसांचा, कॉफीच्या दुकानात काम करणारा भोळा पोरगा. शॅनन नावाच्या मुलीबरोबर शांतिसेनेत जाऊन परदेशात गरिबांची सेवा करायची स्वप्नं बघणारा. तिला एका सूटवाल्यानं पळवलं. यानं केस कापले, दाढी केली, सूट घातला. म्हणजे ज्यानं मारलं त्याचाच पोशाख अंगावर चढवला. हे मात्र खरं लिहिलंय. मार खाल्लेला माणूस मारणाऱ्यासारखा दिसायला लागतो, हे आपण मुकादम झालेल्या हमालात रोज बघतो.

बाप नाही. आई लोरेटानं दोन पोरं एकटीनं वाढवली आणि टीव्हीवर दिसणारा बॉब बार्कर हाच तुझा बाप असं सांगून ठेवलं. मोठेपणीही हा ते धरून बसतो. २०११ मध्ये खरा बाप सापडतो, जेरी. जॉन लिथगो या नटानं तो केलाय. हा बाप निघतो उपनगरात राहणारा, गाडी चालवायला शिकवणारा साधा मास्तर, बायकोमुलांत रमलेला. बार्नी त्याच्या दारातलं बास्केटबॉलचं कडं उखडायला लागतो. साधा बाप व्हायचंच होतं तर माझा का नाही झालास, एवढंच त्याचं म्हणणं. आणि त्याला पेचकस धरता येत नाही! दोनशे बायकांचा धनी, स्क्रू काढता येत नाही. बाप शिकवतो. त्या जागी माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. हातात हत्यार कसं धरायचं हे दाखवणारं माणूस ज्याला नाही मिळालं त्याला ते कळेल.

पण दुःख वाटतानासुद्धा भेदभाव आहे, तो बघा. बार्नीला बाप नाही, त्याचं दुःख आपल्याला भाग भाग दाखवलं. त्या दोनशे जणींपैकी कुणाला बाप होता, कुणाला नव्हता? कोण कुठं कामाला होती? फसवल्यावर सकाळी कुठल्या गाडीनं घरी गेली? पत्ता नाही. आणि आई लोरेटा, तिचंही तरुणपण मोकळं गेलेलं, तर तिच्या मोकळेपणावर विनोद होतो तो नाक मुरडून. पोरग्याचा पराक्रम, आईची बदफैली. एकच कृत्य, दोन मजुरीचे दर.

त्याच्या कामाचं सांगायचं राहिलं. आठ हंगाम कुणी विचारलं, बाबा तू करतोस काय, की तो हसून 'प्लीज' एवढंच म्हणायचा. नवव्या हंगामात, २०१४ मध्ये, कळतं की 'प्लीज' हेच त्याच्या कामाचं नाव आहे, सहा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं. अर्थ असा की दुसऱ्यांना कायद्यातून सोडवायचं आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही ठोकायची. कंपनीच्या काळ्या धंद्याचा बळीचा बकरा. भानगड उघडी पडली तर आत जाणार हा. काय वर्मावर बोट ठेवलंय! सगळ्या न्यूयॉर्कला फसवणारा हा बहाद्दर मुळात एका बँकेचा अंगठा आहे. आम्हीही कंत्राटदाराच्या कोऱ्या मस्टरवर सह्या करतो, काय लिहिणार ते त्याचं त्याला माहीत. फरक एवढाच की त्याला त्या सहीचे ढिगानं पैसे मिळतात. पुढं असं निघतं की तो मालक म्हणजेच शॅननला पळवणारा सूटवाला आणि हा त्याच्याविरुद्ध आतून सरकारी तपासवाल्यांना सामील आहे. ही मात्र लेखकांची पळवाट वाटली मला. सही करणारा सहीवालाच राहिला असता तर गोष्ट जास्त टोचली असती.

हसण्याबद्दल दोन शब्द. या मालिकेत विनोद झाला की लोक हसतात, ऐकता ना तुम्ही? ते लोक चित्रीकरणाला हजर नव्हते. छोटे छोटे पुष्कळ प्रसंग, मागं पुढं उड्या मारणारी गोष्ट, प्रेक्षकांसमोर ते करणं अवघड. म्हणून आधी भाग तयार करायचे, नंतर लोकांना दाखवायचे आणि त्यांचं हसू टिपून चिकटवायचं. म्हणजे 'इथं हस' हे आपल्याला कुणीतरी आधीच ठरवून देतं. आवाज बंद करून 'प्लेबुक'चा भाग बघा एकदा. भीती वाटते.

आणि नट? नील पॅट्रिक हॅरिस. त्यानं २००६ मध्ये, मालिका चालू असताना, आपण समलिंगी आहोत हे उघड सांगितलं. त्यानंतरही आठ वर्षं जगानं त्याच्याकडून मर्दानगीचे धडे घेतले. मला या गोष्टीचा फार आनंद आहे. मर्दपणा हा सूट आहे, कुणीही घालावा, उत्तम शिवलेला असला की झालं, हे त्या माणसानं नुसतं काम करून दाखवलं. आपल्या पोरांना हे सांगा, बघू त्यांचा 'ब्रो' किती टिकतो.

आता शेवट. यावर जगभर भांडणं झाली. शेवटचा भाग अमेरिकेत सव्वा कोटीहून जास्त लोकांनी बघितला आणि बरेचजण संतापले. बार्नी रॉबिनशी लग्न करतो. सबंध नववा हंगाम त्या लग्नाचा. तीन वर्षांत काडीमोड. मग पुन्हा जुना धंदा. एका महिन्यात एकतीस बायका असा विक्रम आणि त्यातली एकतिसावी गरोदर राहते. २०२० मध्ये, म्हणजे गोष्टीतल्या सालात, पोरगी होते, एली. बार्नी तिला हातात घेतो आणि त्याच्या तोंडून जे निघतं ते एकाही बाईसाठी कधी निघालं नव्हतं. हॅरिसनं ते असं केलंय की दगड हलावा.

पण कॅमेरा जरा डावीकडं उजवीकडं फिरवा की राव. नऊ महिने ज्या बाईनं ती पोरगी वागवली ती कुठंय? दिसत नाही. नाव नाही. सबंध मालिकेत ती 'नंबर एकतीस'. आमच्या टोळीत मुकादम बिल्ल्याचा नंबर पुकारतो, नाव विचारत नाही, म्हणून मला नंबराचा राग लवकर येतो हे खरं. पण इथं तर बाळंतिणीला नंबर दिलाय. बाप माणसात आला म्हणून टाळ्या, आणि ज्या देहातून तो माणसात आला तो पडद्याबाहेर. नंतर हाच बार्नी बारमध्ये तरुण मुलींना दटावतो, घरी जा म्हणतो. सुधारला म्हणे. ज्यांना फसवलं त्या दोनशे की तीनशे जणींकडं मात्र वळूनसुद्धा बघितलं नाही.

एक शंका मात्र ठेवून जातो. हे सगळं सांगतोय कोण? टेड. आणि गोष्ट संपल्यावर टेड कुणाच्या दारात जातो? रॉबिनच्या, बार्नीच्या घटस्फोटित बायकोच्या. पोरांची आई तोवर वारलेली असते. मग ज्याला रॉबिन हवी आहे तो तिच्या पहिल्या नवऱ्याबद्दल आपल्या पोरांना कसं सांगेल? हातचं राखून? त्या दोनशेतल्या खऱ्या किती, आणि टेडनं वाढवलेल्या किती? साक्षीदाराचा स्वार्थ बघितल्याशिवाय साक्ष घेऊ नये हे आपण कोर्टाच्या पायऱ्या झिजवून शिकलोय. बार्नी यातून सुटत नाही, पण टेडही अडकतो. सभ्य, प्रेमळ, कविमनाचा टेड. त्याच्या तोंडूनच त्या बाईचा एकतीस नंबर झाला.

मागं बसलेले दोघेजण मघापासून माना हलवतायत, त्यांना शेवट पटलेला दिसतो. चहा आला आहे. त्यांनी चहा घेऊन पुढं यावं आणि काय पटलं ते सांगावं, मी बसतो.