भिंत फोडण्यापूर्वी विमा कंपनीला पत्र

कापसाचा पैसा हातात आला की होळीपासून मृगापर्यंत पहूर पेठेत काय आणि कसब्यात काय, गल्लोगल्ली मिस्तरी दिसतो. धाब्यावरची माती उतरते, कड्या निघतात, जुनं सागवान ओसरीत रचलं जातं आणि स्लॅबची तयारी सुरू होते. सळई कोणती, सिमेंट कोणतं, यावर घरात आठ-आठ दिवस खल चालतो. विम्याचा विषय मात्र कुणी काढत नाही. आज त्यावरच बोलायचं आहे.

राहत्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांनी झालेलं नुकसान तिच्यात येतं. इमारतीची विमा रक्कम म्हणजे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर. जागेची किंमत त्यात धरत नाहीत. समजा, तुमचं घर 600 चौरस फूट आहे आणि दर 1,800 रुपये धरला. रक्कम झाली 10 लाख 80 हजार. तुम्ही वर 400 चौरस फूट चढवलंत. आता घर 18 लाखांचं झालं, पण कागदावर ते अजून जुनंच आहे. वरचा मजला कंपनीला कळवलाच नाही, तर उद्या त्याची भरपाई कोणत्या तोंडाने मागणार?

त्याहून नाजूक बाब पॉलिसीच्या बारीक अक्षरांत आहे. जमीन खचून घराचं नुकसान झालं तर भरपाई मिळते. पण पाडकाम, बांधकाम, रचनेतले फेरफार किंवा खोदकाम यांमुळे खचलं, तर मिळत नाही. आपल्या गावठाणात भिंतीला भिंत लागून आहे. तुम्ही पाया खोदलात आणि शेजाऱ्याची मातीची भिंत बसली, तर घरमालकाची पॉलिसी तिथे हात वर करते. त्यासाठी ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ हा बांधकामाच्या काळापुरता वेगळा विमा असतो. त्यात शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारीही घेता येते. मोठं काम असेल तर ठेकेदाराशी करार करतानाच तो कोण काढणार हे लिहून घ्या.

बँकेचं कर्ज असलेल्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. ‘कर्जाचा विमा आहे’ असं आपण म्हणतो, तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो.

आणि परातीवर काँक्रीट वाहणारी माणसं? पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचं संरक्षण आहे. वय 18 ते 70 आणि बँकेत खातं, एवढं पुरे. गेल्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर राबलेल्या मजुराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीही करता येते. सेंट्रिंगवर माणूस चढण्याआधी ही चौकशी करणं मी घरमालकाचं कर्तव्य मानतो, कायदा काहीही म्हणो.

तेव्हा माझी विनंती एवढीच: पहिला घण पडण्याआधी घराचे चारही बाजूंनी फोटो काढा, शेजाऱ्याच्या भिंतीच्या जुन्या भेगाही त्यात येऊ द्या, कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. काम संपल्यावर वाढीव क्षेत्र पॉलिसीत नोंदवून घ्या. यंदा ज्यांच्या घरी काम निघालं आहे, त्यांनी ही पत्रं याच आठवड्यात द्यावीत.