प्रत्येक मागाला आपापला फ्यूज



माधवनगरात यंत्रमागाच्या शेडला लागूनच मालकाची खोली असते. भिंतीपलीकडे खटखट, अलीकडे एक टेबल, सुताच्या कोनांची पोती आणि चार जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर. दिवाळीच्या तोंडावर अशाच एका खोलीतून मला फोन आला, "सर, ट्रक दारात उभा आहे आणि ई-वे बिल निघेना."

गेलो. माउस हलवला की पडद्यावरचा बाण सावकाश, उपकार केल्यासारखा हलायचा. डब्यावरचा डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नव्हता. ब्राउझरमध्ये सदतीस टॅब: सुताचे भाव, व्हॉट्सॲप, बँक, नातवाची कार्टून. शेवटी ब्राउझर बंद केला. अर्धं भरलेलं बिल त्याच्याबरोबर गेलं. मालक म्हणाले, "आणखी चार जीबी टाकून द्या."

मी म्हटलं, काका, एक माग जाम झाला म्हणून तुम्ही वीज कंपनीकडे लोड वाढवून मागता का?

मागवाल्यांना हे सांगायला नको. धोटा अडकला, मोटार जाम झाली की ती जास्त करंट ओढते. त्या मागाला स्वतःचा फ्यूज असेल तर तेवढा माग थांबतो, बाकीचे चालू राहतात. नसेल तर मेन उडतो आणि अख्खी शेड अंधारात. आपल्या कॉम्प्युटरवर नेमकं हेच होतं. एक प्रोग्रॅम रॅम गिळत सुटतो. रॅम संपली की यंत्रणा डिस्कवर सामान हलवायला लागते, डिस्क कितीतरी पट संथ, आणि मग ज्याचा काही गुन्हा नाही तो हिशेबाचा प्रोग्रॅमही ताटकळतो. जादा रॅम आणली तर? सदतीसचे सत्तर टॅब होतात. पाहिलंय मी.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: प्रोग्रॅमला मर्यादा घालता येते. रॅम विकत घ्यायच्या आधी ती घाला.

हे नवं नाही. जुन्या मॅकिंटॉशवर, म्हणजे मॅक ओएस 9 पर्यंत, प्रत्येक प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची हे माणूस स्वतः आकडा टाकून ठरवायचा. फोटोशॉपमध्ये आजही तशी मर्यादेची पट्टी आहे. लग्नाचे अल्बम करणाऱ्यांनी बघावं, आपण हात लावला नसेल तर ती 70 टक्क्यांवर असते. विंडोजमध्ये अशी सोय 2000 सालापासून आतल्या आत आहे, पण टास्क मॅनेजरमध्ये तिचं बटण नाही. तिथे कोण किती खातो ते दिसतं आणि खाणाऱ्याला मारता येतं, बस. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने मात्र आता सेटिंगमध्येच रॅमची मर्यादा ठरवायची पट्टी दिली आहे. काकांना तीच लावून दिली.

जुन्या मशीनवर उबंटू चालवणारी मुलं ऐकत असतील, तर तुमची चैन आहे. गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी 2006 साली सुरू केलेलं सी-ग्रुप्सचं, म्हणजे प्रोग्रॅमना मर्यादा घालायच्या सोयीचं, काम 2008 मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये आलं. ते होतं मोठमोठ्या सर्व्हरसाठी, पण तुमच्या टेबलावरच्या डब्यातही तेच आहे. सिस्टिमडी-रन ही आज्ञा शोधा. तिच्यात मेमरी-मॅक्स म्हणजे पक्का फ्यूज, ओलांडला की प्रोग्रॅम मरतो. मेमरी-हाय म्हणजे आधी वेग कमी करणं. आणि स्वॅपलाही, म्हणजे रॅम संपल्यावर सामान जातं त्या डिस्कवरच्या जागेलाही, मर्यादा घाला. नाहीतर रॅम अडवाल आणि प्रोग्रॅम मागच्या दाराने डिस्कवर पसरेल.

आता फ्यूजची तार. आपल्याकडे फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार बांधणारे वस्ताद आहेत. आठ जीबीच्या मशीनवर ब्राउझरला सात जीबीची मर्यादा घालणारे तसलेच. तो फ्यूजच नव्हे. उलट तार फार बारीक घेतली तर माग सुरू करतानाच उडते, कारण मोटार सुरुवातीला जास्त ओढते. प्रोग्रॅमचंही तसंच. म्हणून आधी दोन दिवस नुसतं बघा, रोजच्या कामाला किती लागतं ते. मग त्याच्यावर थोडी मोकळीक ठेवून आकडा टाका. अंदाजाने टाकू नका हो! फ्यूज उडाला की चालू काम जातं, तेव्हा फाईल सेव्ह करायची सवय हवीच.

 

पुन्हा सांगतो, उशिरा रेडिओ लावलेल्यांसाठी: आधी मर्यादा, मग रॅम. खरंच कमी पडत असेल तर घ्या, माझी ना नाही. काका अजून त्याच चार जीबीवर बिलं काढतात. नातवाच्या कार्टूनसाठी त्यांनी वेगळा मोबाईल घेतलाय.